चमचा आईच्या हातात, पैसा कोणाच्या?



गेल्या पावसाळ्यात विक्रमगड तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. नाव-गाव मुद्दाम देत नाही. अकरा महिन्यांच्या एका मुलीच्या दंडाला सेविकाताईंनी पट्टी लावली आणि माझ्याकडे पाहिले. ११.२ सेंटीमीटर. ही पट्टी तुमच्यापैकी अनेकांनी आमच्या प्रदर्शनात पाहिली आहे: साडेअकराच्या खाली लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्या वर हिरवा. लाल रंगातले बाळ म्हणजे साधा खोकला किंवा दोन दिवसांची हगवणसुद्धा ज्याला पेलवणार नाही असे बाळ.

ताईंनी आईला समजावले, की बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागेल, चौदा दिवस आईने तिथेच राहायचे, जेवण मिळेल, बुडीत मजुरीही मिळेल. आई वीस-एकवीस वर्षांची. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "घरवाल्याला विचारून सांगते."

घरवाला वसईकडे बांधकामावर होता, शनिवारी यायचा होता. तो शनिवारी आला नाही. फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "आईला विचार." सासू म्हणाली, लावणी अर्ध्यावर आहे, चिखलात उभे राहायला माणूस नाही, मोठ्या पोराला कोण बघेल? तिचे म्हणणे खोटे नव्हते. असे करत नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी बाळाला जुलाब सुरू झाले, पट्टी १०.८ वर आली, आणि मग कोणालाच विचारायची गरज उरली नाही.

ती मुलगी वाचली, आता चालते. परंतु मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. आदल्याच महिन्यात त्या पाड्यावर आम्ही पोषणाचा वर्ग घेतला होता. सहा महिन्यांनंतर बाळाला काय द्यावे, किती वेळा द्यावे, पेज पातळ का नसावी, हे सर्व प्रश्न मी विचारले आणि याच मुलीने सर्वांत आधी, सर्वांत बरोबर उत्तरे दिली होती. मी तिला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. तिला माहीत नव्हते असे काहीच नव्हते. तिला घराबाहेर पडता येत नव्हते.

मी हे काम अनेक वर्षे करत आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे मी "आयांना शिकवले पाहिजे" या एकाच समजुतीवर काढली, हे आपल्यापुढे कबूल करते. तक्ते, गाणी, पाककृती, नागलीच्या सत्त्वाचे पुडे. आपल्या मंडळ्यांनी त्यासाठी मोठ्या मनाने दिले. ते वाया गेले असे नाही. पण शिकवणे आणि करता येणे यांच्यामध्ये जी जागा आहे तिच्याविषयी या अंकात लिहायचे आहे.

विचारले जाते म्हणजे काय?

सरकार दर काही वर्षांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. त्यात विवाहित स्त्रियांना तीन गोष्टी विचारतात: तुमच्या स्वतःच्या औषधपाण्याचा निर्णय कोण घेते, घरातली मोठी खरेदी कोण ठरवते, आणि माहेरी किंवा नातेवाइकांकडे जायचे कोण ठरवते. २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे ७१ टक्के स्त्रियांनी सांगितले, की तिन्ही निर्णयांत आमचा सहभाग असतो. एकाही निर्णयात नसतो असे म्हणणाऱ्या केवळ ११ टक्के. हे वाचून वाटेल, की प्रश्न जवळजवळ सुटलाच.

त्याच सर्वेक्षणात आणखी दोन प्रश्न असतात. स्वतःच्या मर्जीने खर्च करता येईल असा पैसा तुमच्याजवळ आहे का? निम्म्या, ५१ टक्के स्त्रिया हो म्हणाल्या. बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर, या तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची तुम्हाला मोकळीक आहे का? येथे आकडा ४२ वर येतो. म्हणजे घरात बोलण्यात तिला धरतात, पण बोलून झाल्यावर उठून जाण्यासाठी लागणारे पैसे आणि मोकळीक अनेकींकडे नाही. सहभाग या शब्दात पुष्कळ काही लपते. "मला विचारतात" आणि "मी ठरवते" यांतला फरक आपल्यापैकी कुठल्याही सुनेला समजावून सांगावा लागणार नाही.

आता बाळाकडे वळू. त्याच फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरांतली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी, ३६ कमी वजनाची आणि जवळजवळ २६ उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीतही हे आकडे जवळपास एवढेच होते. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांना पुरेसा व पुरेशा प्रकारांचा आहार मिळतो का, हे पाहिले तर देशात शंभरांतल्या अकराच मुलांना तो मिळत होता. येथे गरिबी आहेच, परंतु गरिबी एकटीच असती तर हा आकडा इतका खाली नसता. खात्यापित्या घरांतही बाळाच्या वाटीत वरणाचे पाणी आणि बिस्किटच असते.

पालघरच्या बाबतीत ही जखम जुनी आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली आणि सारे राज्य हादरले. त्यानंतर रस्ते झाले, आरोग्य केंद्रे झाली, २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा जिल्हा झाला. लोकसंख्येत ३७ टक्क्यांच्या आसपास आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात आज योजना कमी नाहीत. त्या योजना उंबरठ्यापर्यंत येतात. उंबरठ्याच्या आत कोणाची चालते, हे त्यांच्या कागदावर नसते.

एक आठवडा, एक रुपया

हे नेमके कसे घडते ते पाहायचे असेल तर एका घरातला पैसा आठवडाभर कुठे कुठे जातो ते पाहावे. मी दोन घरे सांगते.

पहिले वीटभट्टीवरचे. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे रिकामे होऊ लागतात. भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर माणूस एकटा घेत नाहीत, जोडी घेतात, म्हणजे नवराबायको. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, बयाणा दिला जातो. तो नवऱ्याच्या हातात पडतो. त्यातून कौले येतात, एखादे लग्न होते, आजारपण निभावते, काही दारूत जाते. मग सहा-सात महिने दोघांनी मिळून चिखल तुडवायचा, विटा थापायच्या. बाईचा हात कुठेही कमी नसतो. आठवड्याला खर्ची मिळते, ती पुन्हा नवऱ्याच्या हातात. पाऊस आला की हिशेब, आणि त्यात पुष्कळदा काही बाकी अंगावरच राहते.

या सगळ्यात बाई एकदाही पैसे मोजत नाही. तिने कमावलेला रुपया तिच्या नावाने कुठे लिहिलेलाच नाही, कारण जोडीचा हिशेब एकाच ओळीत असतो. खर्चीच्या दिवशी नवरा बाजारात जातो, तांदूळ, मिरची, बटाटे, मीठ, तेलाची लहान पिशवी आणतो. बाप वाईट नसतो हो! तो बाळासाठीही आणतो, पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा, कारण तो बाजारात समोर टांगलेला दिसतो आणि बाळ हसते. त्याच पैशांत जवळजवळ एक अंडे आले असते. पण दुपारी बाळ भुकेने रडते तेव्हा त्याच्याजवळ असते ती आई. बाजारात असतो तो बाप. ज्याला भूक दिसते त्याच्याकडे पैसा नाही आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला भूक दिसत नाही. सगळा घोळ इथे आहे.

दुसरे घर बोईसरच्या चाळीतले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हजाराच्या घरात कारखाने आहेत आणि त्यांत ठेकेदारामार्फत पॅकिंग, साफसफाई, हेल्पर अशी कामे करणाऱ्या आमच्या शेकडो भगिनी आहेत. इथे बाईच्या नावाने खाते आहे, पगार खात्यात येतो. मग बाळ गुटगुटीत असायला हवे, नाही का?

मलाही तसेच वाटत होते. एक तर एटीएम कार्ड बहुधा नवऱ्याच्या पाकिटात असते, "तिला मशीन जमत नाही" म्हणून. पण कार्ड तिच्याच हातात असलेल्या घरांतही बाळे पिवळ्या पट्टीत सापडली. कारण सकाळी सातला ती रिक्षात बसते आणि अंधार पडता पडता परतते. आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा घट्ट अन्न भरवावे लागते, मध्ये काही खाऊ वेगळा. त्याचे पोट मुठीएवढे, एकदा भरवून दिवस निघत नाही. तीन वर्षांखालच्या बाळाला अंगणवाडीत दिवसभर ठेवता येत नाही. मग त्याला सांभाळते नऊ-दहा वर्षांची बहीण, शाळा बुडवून. ती मुलगी जिवापाड करते, पण भात मिक्सरमधून काढून, वरून तेल घालून, बाळाच्या मागे लागून वीस मिनिटे भरवणे तिच्याकडून कसे व्हावे? या आईकडे पैसा आला, वेळ गेला. कुठली पाळी घ्यायची, सुट्टी कधी घ्यायची, हे तिच्या हातात नाही.

म्हणून निर्णयाचा अधिकार म्हणजे फक्त कमाई नव्हे, असे मला वाटू लागले आहे. हातात थोडे पैसे, दिवसातला थोडा वेळ, दाराबाहेर पडायची मोकळीक आणि पाठीशी उभे राहणारे घरातले निदान एक माणूस, यांतले एक जरी निसटले तरी बाकीची लंगडी पडतात.

पूर्वी असेच होते काय?

सभांमधून मला पुष्कळदा विचारतात, "आदिवासींमध्ये बायकांना मान कमीच ना?" हा प्रश्न ऐकून मी थोडी अस्वस्थ होते, कारण विचारणाऱ्या आपल्या घरांत हुंडा असतो आणि वारल्यांमध्ये तो नसतो, उलट मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी देज द्यायचे. वारली लग्न लावते ती धवलेरी, एक स्त्री. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. नवरा वारला तर दुसरे घर करायला बाईला मज्जाव नसतो. आपल्या शहरी मंडळ्यांत अजूनही व्यासपीठावर बायका किती, हे मोजले तर आपणच गप्प बसू.

मग अडले कुठे? मला जे दिसते ते असे. भात, नागली, वरई, उडीद घरच्या कणगीत असे तोवर धान्यावर हात बाईचा होता. किती कांडायचे, किती शिजवायचे, बियाणे किती ठेवायचे हे ती बघायची. पावसाच्या सुरुवातीला शेवळे, मग टाकळा, करटोली. ओढ्यातले खेकडे, मासे. हे सगळे तिने आणि मुलांनी आणलेले, त्यासाठी कोणाला विचारावे लागत नसे. त्या काळी भूक नव्हती असे मी म्हणत नाही. भूक भयंकर होती, आणि सावकाराकडून लग्नासाठी कर्ज काढून नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षे त्याच्या दारात राबायचे, ही लग्नगडीची पद्धत याच जिल्ह्यात होती. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली एकत्र आले आणि वेठबिगारी मोडली. परंतु आजचा बयाणा पाहताना मला त्या लग्नगडीची आठवण होते. तेव्हाही एका माणसाच्या अंगठ्यावर दोघांची मेहनत बांधली जात होती.

आता अन्न शेतातून कमी आणि दुकानातून जास्त येते. दुकानात रोकड लागते. रोकड आणणारा ठेकेदार पुरुषाशी बोलतो. धवलेरीचे गाणे तिथेच आहे, कणगी मात्र रिकामी झाली.

याच जिल्ह्याने देशाला आणखी एक गोष्ट दिली, तिचा इथे उल्लेख करायलाच हवा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालवले. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना अशी इथल्या मातीतून आली. मुले का येत नाहीत, याचे उत्तर त्यांनी आईच्या अज्ञानात शोधले नाही. आई कामावर जाते, लहान भावंड मोठ्याच्या कडेवर असते, हे पाहून शाळा हलवली. आमच्यासारख्यांनी हे लवकर शिकायला हवे होते.

जगात काय आढळले

हा केवळ माझा अनुभव असता तर मी इतके लिहिले नसते. १९९६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी युनिसेफच्या अहवालात एक कोडे मांडले: आफ्रिकेतले अनेक देश आपल्यापेक्षा गरीब, तरी तिथे कमी वजनाची मुले आपल्यापेक्षा कमी, असे का? त्यांचे बोट स्त्रीच्या दर्जाकडे होते. उपाशी, रक्त कमी असलेली, कोवळ्या वयात आई झालेली मुलगी कमी वजनाचे बाळ जन्माला घालते आणि मग त्याची काळजी घ्यायला तिला ना विसावा ना अधिकार. महाराष्ट्रात आजही वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले असते. सोळा वर्षांची सून घरात कोणता निर्णय घेणार?

२००३ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेने ३६ देशांतली माहिती तपासली. दक्षिण आशियात स्त्री-पुरुषांचा दर्जा समान झाला तर तीन वर्षांखालच्या शंभरांतली सुमारे तेरा मुले कमी वजनातून बाहेर येतील, असा त्यांचा अंदाज निघाला. आईच्या हातात सत्ता असेल तर ती स्वतः नीट जेवते, बाळाला वेळेवर भरवते, आजारपणात लवकर निघते. जादू काहीच नाही.

ब्राझीलमध्ये डंकन थॉमस या अर्थशास्त्रज्ञाला १९९० मध्ये आढळले, की मजुरीव्यतिरिक्तचे उत्पन्न आईच्या हाती आले तर मुले जगण्याच्या शक्यतेवर होणारा परिणाम, तेच बापाच्या हाती आल्यापेक्षा जवळजवळ वीस पट असतो. दक्षिण आफ्रिकेतला अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो. तिथे वर्णभेद संपताना काळ्या वृद्धांना भरीव पेन्शन मिळू लागली. एस्तेर दुफ्लो यांनी पाहिले, की पेन्शन आजीला मिळत असलेल्या घरांत नातींचे वजन सुधारले. आजोबांना मिळाली तिथे तसे दिसले नाही. आजी! आपण आपल्या कार्यक्रमांत आजीला कोपऱ्यात बसवतो.

सगळेच अभ्यास इतके सरळ बोलत नाहीत हेही सांगते. काही ठिकाणी बाई एकटीच निर्णय घेते म्हणून नोंद होते आणि मूल मात्र कुपोषितच असते. कारण ती एकटी असते, नवरा सोडून गेलेला किंवा सहा महिने बाहेर. एकटीने ओझे उचलणे म्हणजे अधिकार नव्हे.

आपल्या पवित्र शास्त्रात, दुसऱ्या राजेच्या चौथ्या अध्यायात, या विषयावरच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, हे मला फार उशिरा दिसले. पहिली त्या विधवेची, जिच्या मुलांना सावकार गुलाम म्हणून न्यायला आला होता. अलीशा तिला आधी विचारतो, की घरात तुझ्याजवळ काय आहे. तेल विकून कर्ज फेडण्याचे आणि उरलेल्यावर मुलांना जगवण्याचे काम तो तिच्यावरच सोपवतो, दिरा-भावावर नाही. दुसरी शुनेमच्या बाईची. तिचे मूल तिच्या मांडीवर दुपारी गेले. नवऱ्याने विचारले, आज ना सण ना शब्बाथ, आज कशाला जातेस? ती थोडक्यात उत्तर देऊन गाढवावर खोगीर घालायला सांगते आणि निघते. ती थांबली नाही. थांबावे लागू नये अशी तिची घरात पत होती, गाढव होते, सोबतीला गडी होता. आमच्या विक्रमगडच्या मुलीकडे यांतले काही नव्हते.

योजना कुठे जमतात, कुठे अडतात

कायद्यांनी या बाबतीत आपल्यापेक्षा बरीच पुढची पावले टाकली आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या, अठरा वर्षांवरील स्त्रीचे नाव लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांना पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा आहे. पट्टा घरात असेल तर आज तो काढून वाचा, असे मी प्रत्येक बैठकीत सांगते. कित्येक बायकांनी आपले नाव त्यावर आहे हे प्रथम तेव्हाच पाहिले.

अमृत आहार योजना मला हुशारीची वाटते. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचे ताजे, पूर्ण जेवण मिळते आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी. घरी नेलेला पुडा सासऱ्यापासून शेळीपर्यंत सगळ्यांत वाटला जातो, आणि तो एकटीने खाणारी सून घरात तोंड दाखवू शकत नाही. अंगणवाडीच्या ताटात वाटणी नाही. घरात भांडण न लावता आईच्या पोटात अन्न जाते. अडचण एवढीच, की पाडा लांब असेल आणि लावणी चालू असेल तर तिला त्या ताटापर्यंत जाऊ कोण देतो?

ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये महिन्याला थेट बायकांच्या खात्यात येऊ लागले. या योजनेविषयी मंडळीत दोन्ही बाजूंची मते आहेत, त्यात मी पडत नाही. पाड्यांवर मला दिसले ते सांगते. ज्या घरात बाई स्वतः बँकेत किंवा पैसे काढून देणाऱ्या केंद्रावर जाते, त्या घरात सुकट, डाळ, तेल यांची खरेदी वाढलेली दिसते. बाजारात जवळा घेऊन बसणाऱ्या कोळणीही हे सांगतात. ज्या घरात अंगठा बाईचा आणि नोटा दुसऱ्याच्या, तिथे काही बदल नाही. म्हणजे रक्कम महत्त्वाची आहेच, पण ती मोजतो कोण हे त्याहून महत्त्वाचे.

आम्ही काय बदलले

आपल्या देणग्यांचा विनियोग कसा होतो हे जाणण्याचा आपल्याला हक्क आहे, म्हणून सांगते. आयांचे वर्ग आम्ही बंद केले नाहीत, पण ते आता दुपारी होत नाहीत. भट्टीवर खर्चीच्या संध्याकाळी आणि पाड्यावर पुरुष घरी असतील त्या दिवशी होतात. पहिल्या दोन बैठकांना पुरुष लांब झाडाखाली उभे राहिले. तिसऱ्या वेळी आम्ही त्यांनाच बाळांच्या दंडाला पट्टी लावायला दिली. स्वतःच्या मुलाच्या दंडावर लाल रंग स्वतःच्या बोटांनी पाहिला की बाप वेगळाच बोलू लागतो. एकाने त्या संध्याकाळी वेफर्सचा पुडा न उघडताच परत खिशात टाकला. पुढच्या आठवड्यात तो अंडी घेऊन आला, सहा, आणि मला दाखवायला घेऊन आला.

सासवांची बैठक वेगळी घेतो. त्यांना शिकवायला गेलो तर त्या शिकवू देत नाहीत, त्यांना विचारले तर भरभरून सांगतात: पूर्वी बाळंतिणीला काय देत, उडदाची डाळ कशी करत, नागलीची पेज किती घट्ट असे. त्यातले बहुतेक उत्तमच असते. मग त्यांच्याच तोंडून ते सुनेपर्यंत जाते.

कोंबड्या हा या भागात बाईचा पैसा. पाच-सहा पिले बाईच्या नावाने द्यायची आणि घरातल्या पुरुषाला सर्वांसमोर सांगायचे, की या हिच्या. पहिले वर्ष आम्ही हे सांगायला विसरलो, तेव्हा निम्म्या कोंबड्या पाहुण्यांच्या ताटात गेल्या. अंडी विकायची की बाळाला द्यायची हे आम्ही सांगत नाही, ते तिचे ती ठरवते. आठवड्याला दोन जरी बाळाच्या पोटात गेली तरी आम्हाला पुरे.

बोईसरमध्ये मात्र आम्ही अजून चाचपडत आहोत. एका चाळीत चार आयांनी मिळून एका आजीला महिन्याला थोडे पैसे देऊन पाच बाळे सांभाळायला ठेवली आहेत. आम्ही फक्त स्टोव्ह, भांडी आणि वजनकाटा दिला. आजी कडक आहे, बाळे वेळेवर खातात. पण ती आजारी पडली की चारही आयांची पाळी बुडते, आणि ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवर नाव कापतो. याला उत्तर मिळालेले नाही.

आणखी एक. प्रत्येक पाड्यावर ज्या घरात दोन वर्षांखालचे बाळ आहे तिथे आम्ही नवरा, सासू आणि आई तिघांना एकत्र बसवून एक गोष्ट आधीच ठरवून घेतो: बाळ लाल पट्टीत आले तर कोणाला न विचारता आई निघेल, सोबत कोण जाईल, मोठे मूल कोणाकडे राहील आणि गाडीचे पैसे कुठून येतील. गाडीचे तीनशे रुपये सेविकाताईंकडे वेगळ्या डब्यात असतात. हे तीनशे रुपये आपल्याच मंडळ्यांनी गेल्या कापणीच्या सणात दिलेल्या दानातले आहेत. लावणीच्या दिवसांत शेजारच्या दोन घरांनी एकेक दिवस चिखलात उभे राहायचे, हेही त्यातच ठरते. पाड्यांवर एकमेकांच्या शेतात राबण्याची पद्धत आहेच.

या पावसाळ्यात त्याच विक्रमगडच्या पाड्यावर आणखी एक बाळ लाल पट्टीत आले, दहा महिन्यांचा मुलगा. सकाळी अकराला पट्टी लावली. बाप कामावर होता, त्याला फोन केला तो कळवण्यासाठी. दुपारी दोनच्या जीपमध्ये आई बसली होती, आणि शेजारी, डोक्यावर पदर घेऊन, हातात कपड्यांची पिशवी धरून, सासू.